जाडजूड ब्लँकेटसाठी लोकर आणि क्रोशाची सुई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी होऊन हवेत गारवा आला की क्लासमध्ये तोरणं आणि रुमाल मागे पडतात आणि ब्लँकेटची चौकशी सुरू होते. प्रश्न दरवर्षी साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. साखळी, मुका खांब, अर्धा खांब आणि खांब एवढं तुम्हाला येतं असं धरून चालले आहे.

जाड ब्लँकेटला किती नंबरची सुई घ्यायची?

आधी लोकर ठरवा, मग सुई. बहुतेक जणी उलटं करतात. १० मिलिमीटरची दणकट सुई आवडली म्हणून आणतात आणि मग तिच्याजोगी लोकर शोधत फिरतात.

तरी आकडे हवेच असतील तर हे घ्या. नेहमीच्या मध्यम जाडीच्या लोकरीला ५.५ ते ६.५ मिमी, जाड लोकरीला ६.५ ते ९ मिमी, अतिजाड लोकरीला ९ ते १५ मिमी. त्याहूनही जाड, बोटाएवढी लोकर असेल तर १५ मिमी आणि पुढे. पहिलंच ब्लँकेट असेल तर जाड लोकर आणि ८ मिमीची सुई घेऊन सुरुवात करा, असं मी सांगते. हात दमत नाही, टाके स्पष्ट दिसतात आणि काम डोळ्यांदेखत वाढतं.

लोकरीच्या लेबलवर गुंड्याचं चित्र आणि त्यात ४, ५, ६ असा आकडा असतो. तो कशाचा?

जाडीचा. अमेरिकेतल्या क्राफ्ट यार्न कौन्सिलने ठरवलेली ही ० ते ७ अशी श्रेणी आहे. ० म्हणजे लेससाठीचा बारीक दोरा, ७ म्हणजे सगळ्यात जाड. ब्लँकेटसाठी ४ (मध्यम), ५ (जाड) आणि ६ (अतिजाड) एवढेच आकडे कामाचे. ३ नंबरचं ब्लँकेट सुंदर होतं, पण त्याला जाड म्हणता येत नाही.

आकड्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे १०० ग्रॅममध्ये किती मीटर लोकर आहे. ४ नंबरच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २०० मीटर, ५ नंबरच्या १०० ते १५० मीटर आणि ६ नंबरच्या ६० ते १०० मीटर लोकर येते. वजन तेच, लांबी कमी, म्हणजे लोकर जाड. आकडा छापलेला नसला तरी मीटर बहुतेक वेळा छापलेले असतात. दुकानात मी आधी तेच वाचते.

आमच्या दुकानात लेबलवर नुसतं 'चार प्लाय' लिहिलेलं असतं. मग?

प्लाय म्हणजे पिळात किती पदर आहेत. पदर बारीक असतील तर चार पदरांची लोकरही बारीकच राहते. म्हणून एका कंपनीची चार प्लाय आणि दुसरीची चार प्लाय शेजारी ठेवली तर फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या पॅटर्नमध्ये मात्र प्लाय हा शब्द जाडीसाठीच वापरतात. तिथली ८ प्लाय म्हणजे वरच्या श्रेणीतली ३, १० प्लाय म्हणजे ४ आणि १२ प्लाय म्हणजे ५. तो हिशोब आपल्याकडच्या लेबलला लावू नका.

जाडी घरीच मोजता येते. लोकर पट्टीवर किंवा पेन्सिलीवर शेजारी शेजारी गुंडाळा. ओढायची नाही, फट ठेवायची नाही, एकावर एक चढवायची नाही. एका इंचात ११-१२ वेढे बसले तर ती ३ नंबरच्या आसपासची, ९ च्या जवळ बसले तर ४ ची, ७ च्या जवळ बसले तर ५ ची. लोकर ओढून गुंडाळली की ती बारीक भासते. वेढे सैल हातानेच द्या.

सुई जितकी मोठी तितकं ब्लँकेट जाड, असंच ना?

नाही. सगळ्यात जास्त लोकर या समजुतीपायी वाया जाते. लोकर तीच ठेवून सुई मोठी केली की टाका उंच आणि सैल होतो, मधली भोकं मोठी होतात आणि कापड पातळ होतं. काम भराभर वाढतं म्हणून बरं वाटतं, पण पांघरल्यावर वारा आरपार जातो. उलट सुई फार लहान घेतली की टाके एकमेकांत रुतून बसतात आणि अंगावर पायपुसणं घेतल्यासारखं वाटतं.

ऊब येते ती टाक्यांत अडकून राहिलेल्या हवेमुळे. हवा अडकायला जागा हवी आणि ती निसटू नये एवढे टाके जवळही हवेत. लोकर हातात धरून, टाका ठरवून, सुई बदलत बदलत हा मधला ताळमेळ शोधावा लागतो. लेबलवरचा सुईचा आकडा ही फक्त सुरुवात. तुमचा हात घट्ट असेल तर त्याच लोकरीला अर्धा-एक मिलिमीटर मोठी सुई लागेल, सैल असेल तर लहान.

जाड लोकर मिळत नाही. नेहमीची लोकर दोन पदरी घेऊन विणली तर चालेल?

चालेल, आणि मला स्वतःला हाच मार्ग आवडतो. गावातल्या दुकानात ५-६ नंबरची लोकर मिळेलच असं नाही, नेहमीची मात्र हमखास मिळते, तीही वीस-पंचवीस रंगांत. शिवाय दोन पदर दोन रंगांचे घेता येतात. राखाडी आणि पांढरा एकत्र विणला की येणारा मिश्र पोत विकतच्या गुंड्यात सहज सापडत नाही.

फक्त जाडी दुप्पट होते असं समजू नका. दोन सारखे पदर एकत्र धरले की जाडी साधारण १.४ पट होते. म्हणून ३ नंबरचे दोन पदर ४ नंबरच्या लोकरीसारखे वागतात आणि ४ नंबरचे दोन पदर ५ सारखे. सुईही त्याच हिशोबाने: ५ मिमीवर विणत असाल तर ती लोकर दोन पदरी ७ मिमीच्या आसपास बसते.

गुंडे वेगवेगळ्या डब्यांत किंवा पातेल्यांत ठेवा, नाहीतर एकमेकांभोवती पिळतात. प्रत्येक टाक्यात सुईने दोन्ही पदर पकडले ना, हेही बघत जा. एक पदर सुटला की तो मागच्या बाजूला फास होऊन लोंबतो आणि कळतं ते चार ओळी पुढे गेल्यावर.

ॲक्रिलिक, खरी लोकर की सुती?

आपल्याकडे दुकानात 'लोकर द्या' म्हटलं की समोर येतं ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक. वर्धमान, ओसवाल, गंगा ही लुधियानाची नावं घराघरात पोचलेली आहेत, आणि त्यांच्या गुंड्यांमध्येही ॲक्रिलिक आहे की लोकर की मिश्रण हे लेबलवरच वाचायचं. ॲक्रिलिकला नाकं मुरडणाऱ्या विणकरणी पुष्कळ आहेत. मी त्यांच्यात नाही. ब्लँकेट वापरात राहायचं असेल, मुलं त्यावर दूध सांडणार असतील आणि ते मशीनमध्येच जाणार असेल, तर चांगलं ॲक्रिलिक घ्या. हलकं असतं, लवकर वाळतं, कसर लागत नाही, खिशाला परवडतं. दोष दोन. घासलं जाईल तिथे गोळे धरतं, आणि इस्त्री अजिबात सोसत नाही. गरम इस्त्री किंवा वाफ लागली की कापड लुळं आणि चकचकीत होतं. ते परत पूर्वीसारखं होत नाही.

खरी लोकर, त्यातही मेरिनो जातीच्या मेंढीची, उबेला तोड नाही. थोडी दमट झाली तरी गरम राहते. पण गरम पाण्यात घालून घुसळली की आटून नमदा होतो, म्हणजे तंतू एकमेकांत गुंतून ताठ, दाट कापड होतं. मशीनमध्ये धुता येईल असं लेबलवर लिहिलं असेल तरच तिच्या वाटेला जा. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम. तिचा धागा जाडाभरडा असतो, त्यामुळे गळ्या-गालाशी येणाऱ्या मऊ ब्लँकेटसाठी तो घेऊ नका.

सुती धागा दिसायला देखणा, स्पर्शाला गार. जाड ब्लँकेटमध्ये मात्र त्याचं वजन फार होतं आणि स्वतःच्याच वजनाने ते लांबत जातं. मुंबई-कोकणात एसीच्या खोलीत पायांवर घ्यायला सुती ठीक. नाशिक-महाबळेश्वरच्या थंडीत नको.

लेबल नाही. घरातली जुनी लोकर कसली हे कसं ओळखायचं?

बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून जाळून पाहा. ॲक्रिलिक झटकन पेटतं, वितळतं, काळा धूर येतो आणि मागे कडक काळा मणी उरतो. खरी लोकर हळू जळते, केस जळल्याचा वास येतो, ज्योतीपासून दूर नेली की बहुधा विझते आणि राख बोटांनी चुरते. सुती धागा कागदासारखा जळतो, राख मऊ. मिश्रण असेल तर लक्षणंही मिसळून येतात. खिडकी उघडी ठेवा, वितळलेल्या थेंबाला हात लावू नका.

मखमली लोकर आणि ती हातांनीच विणायची भलीमोठी लोकर कशी?

मखमली लोकर स्पर्शाला लाजवाब, शिकायला वाईट. टाका दिसतच नाही, बोटांनी चाचपून शोधावा लागतो, आणि दोनदा उसवली की तिचे केस गळून आतला नुसता दोरा हातात राहतो. विणताना टाके सैल पडले तर वापरात पदर बाहेर येऊन अळीसारखे वळतात. त्यामुळे तिला सुई थोडी लहानच घ्या. दुसरं-तिसरं ब्लँकेट करताना हवी तर घ्या.

बिनपिळाची मनगटाएवढी मेरिनो फोटोत छान दिसते. पिळ नाही म्हणजे तंतूंना धरून ठेवायला काही नाही. काही दिवसांत तिला गोळे येतात, केस सुटतात, धुणं अवघड. सोफ्यावर शोभेला ठेवायची असेल तर तुमची मर्जी.

नमुन्याचा चौकोन खरंच करावा लागतो का? थेट सुरुवात केली तर?

टोपीला एकवेळ चालेल, ब्लँकेटला नाही. १० सेंटिमीटरमध्ये एका टाक्याचा फरक पडला तरी १३० सेंटिमीटर रुंदीत तेरा टाके इकडचे तिकडे होतात.

चौकोन २० बाय २० सेंटिमीटरचा करा. लहान केला तर काठांचे टाके हिशोब बिघडवतात. जो टाका ब्लँकेटला घालणार तोच घाला. झाला की आधी मुठीत चुरगळून सोडा. हळूहळू उलगडला तर बरं, तसाच ताठ उभा राहिला तर सुई एक नंबर वाढवा. मग उजेडाकडे धरा. टाक्यांतून करंगळी सहज आरपार गेली तर सुई कमी करा. चौकोन मुठीवर पसरा आणि कडा बघा. त्या खाली लोंबायला हव्यात. शेवटी मानेवर पाच मिनिटं ठेवा. टोचणारी लोकर हाताला कळत नाही, मानेला लगेच कळते.

पुढचा भाग बहुतेक जणी गाळतात. चौकोन ब्लँकेट जसं धुणार तसाच धुवा, वाळवा आणि पुन्हा मोजा. मग वरच्या कडेला दोन चिमटे लावून रात्रभर टांगा, खालच्या कडेलाही दोन-चार चिमटे वजनाला लावा. सकाळी दोन सेंटिमीटर लांबला असेल, तर १६० सेंटिमीटरचं ब्लँकेट १७५ च्या घरात जाणार हे आजच कळलं.

किती लोकर लागेल?

त्याच चौकोनाचं स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. समजा २१ ग्रॅम भरलं. चौकोनाचं क्षेत्रफळ ४०० चौरस सेंटिमीटर. सोफ्यावर घ्यायचं १३० बाय १६० चं ब्लँकेट म्हणजे २०,८०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे असे ५२ चौकोन. ५२ गुणिले २१ म्हणजे १,०९२ ग्रॅम. काठ, लोंबते पदर आणि चुका यांसाठी दहा टक्के धरून १,२०० ग्रॅम घ्या. एका माणसाच्या पलंगाचं १५० बाय २२० हवं असेल तर त्याच चौकोनावरून हिशोब १,९०० ग्रॅमवर जातो.

सगळी लोकर एकदम आणि एकाच लॉटची घ्या. लेबलवर रंगाच्या नंबराशेजारी लॉट नंबर असतो. लॉट बदलला की तोच रंग किंचित वेगळा येतो आणि तो फरक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसत नाही, घरी उन्हात दिसतो. अडलंच तर दोन ओळी जुन्या लॉटच्या, दोन नव्या, असं काही अंतर मिसळत जा.

वेळ किती लागतो?

१३० बाय १६० चं ब्लँकेट अर्ध्या खांबात धरू. ४ नंबरच्या लोकरीत १० सेंटिमीटरला साधारण १३ टाके आणि १० ओळी बसल्या तर एकूण २७,०४० टाके. ६ नंबरच्या लोकरीत ८ टाके आणि ६ ओळी बसल्या तर ९,९८४. मिनिटाला १५ टाके धरले तर पहिलं ३० तासांचं, दुसरं ११ तासांचं. जाड लोकरीत प्रत्येक टाका जरा सावकाश होतो, तरी तफावत मोठीच राहते. लग्नाची तारीख जवळ आली असेल आणि रुखवतात ब्लँकेट मांडायचंच असेल, तर ६ नंबर घ्या.

सुई धातूची, लाकडाची की प्लॅस्टिकची?

८ मिमीपर्यंत ॲल्युमिनियमची घ्या, रबरी मूठ असलेली. लोकर सुळकन सरकते. घसरते असं वाटत असेल तर बांबूची. १० मिमीच्या वर धातू जड होतो, तिथे प्लॅस्टिक किंवा लाकूडच बरं. सुईच्या तोंडावर नखानेही खरखर लागता कामा नये. बारीक काचपेपर फिरवला की लाकडाची सुई गुळगुळीत होते.

सुईचा नंबर नेहमी मिलिमीटरमध्ये बघा. अमेरिकन पद्धतीत अक्षरं असतात (एच म्हणजे ५ मिमी, जे ६, के ६.५, एल ८), आणि लेसच्या बारीक पोलादी सुयांना जे आकडे असतात ते उलटे चालतात: आकडा मोठा तितकी सुई बारीक. ती सगळी भानगड मिलिमीटरमध्ये मिटते. नंबर पुसला गेला असेल तर भोकांची मापपट्टी मिळते. सुईचा सरळ दांडा ज्या भोकात नेमका बसेल ते माप.

जाड विणकामात मनगट आणि अंगठा लवकर भरून येतो. झालेलं ब्लँकेट मांडीवर न ठेवता टेबलावर ठेवा, म्हणजे त्याचं वजन हाताला ओढत नाही.

इंटरनेटवरच्या पॅटर्नमध्ये डबल क्रोशे म्हणतात तो कोणता टाका?

पॅटर्न अमेरिकन असेल तर खांब, ब्रिटिश असेल तर मुका खांब. सिंगल क्रोशे हा शब्द दिसला तर पॅटर्न अमेरिकन. तो तपासल्याशिवाय लोकर विकत घेऊ नका, कारण दोन्हींत लोकरीचा हिशोबच बदलतो.

जाडपणासाठी टाका कोणता चांगला?

माझं मत अर्ध्या खांबाला. मुका खांब दाट होतो, पण ताठ, आणि लोकर खातो. खांब भराभर होतो, पण फटी पडतात. अर्धा खांब दोघांच्या मधला. खरंच भरगच्च हवं असेल तर वॉफलचा टाका घाला, म्हणजे पुढून उचललेले खांब (खालच्या ओळीतल्या खांबाच्या दांड्याभोवती पुढून सुई घालून विणलेले) आणि साधे खांब आलटून पालटून. चौकोनी खळगे तयार होतात, त्यांत हवा राहते आणि ब्लँकेट दुप्पट जाड वाटतं. लोकरही त्याच प्रमाणात लागते, म्हणून सुई लेबलपेक्षा एक नंबर मोठी घ्या. ज्यांना वजन नको त्यांनी एक मुका खांब, एक साखळी असं आलटून पालटून विणावं. पुढच्या ओळीत मुका खांब साखळीच्या जागेत येतो. ४ नंबरची लोकर आणि ६ मिमी सुईवर हा टाका अंगावर सुरेख पडतो.

पहिली ओळ आवळते आणि ब्लँकेट खाली अरुंद, वर रुंद होतं.

साखळी घट्ट पडते. फक्त साखळीसाठी एक नंबर मोठी सुई घ्या, पहिल्या ओळीला परत आपली सुई. पुढेही रुंदी बदलत असेल तर टाके मोजा. ओळीचा पहिला आणि शेवटचा टाका सुटतोय किंवा जास्तीचा पडतोय. दोन्ही टोकांच्या टाक्यांत रंगीत दोऱ्याची खूण अडकवा आणि ती दर ओळीला वर सरकवत न्या.

एकसंध विणू की चौकोन करून जोडू?

प्रवासात विणणार असाल तर चौकोन. लोकलमध्ये दोन किलोचं ब्लँकेट मांडीवर घेऊन बसता येत नाही. एक धोका आहे: दर चौकोनाला हात सैल-घट्ट होतो, म्हणून सगळे चौकोन एकाच सुईवर करा आणि जोडण्याआधी एकावर एक ठेवून बघा. अनेक हातांनी मिळून काम करायचं तर हाच मार्ग. चेन्नईत जानेवारी २०१६ मध्ये 'मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स' या गटाने असेच तुकडे जोडून ११,१४८ चौरस मीटरचं ब्लँकेट केलं आणि गिनीजचा विक्रम नोंदवला.

नातवंडाच्या बाळंतविड्यासाठी जाड ब्लँकेट करू का?

करा, पण वापर कसा होणार ते आईला सांगा. एक वर्षापर्यंतच्या बाळाजवळ झोपेत सुटं पांघरूण ठेवू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. खाली अंथरून खेळवायला किंवा बाबागाडीत जागं असताना पायांवर घ्यायला ते चालतं. मऊ, केस न सुटणारी लोकर, बोट अडकणार नाही एवढा दाट टाका, आणि झालरी, गोंडे, मणी काही नको. ८० बाय १०० सेंटिमीटर पुरे.

मुलगी न्यूजर्सीला असते. तिच्यासाठी करायचं तर?

तिथे कपडे ड्रायरमध्ये जातात, त्यामुळे मशीन आणि ड्रायर दोन्ही चालतील असं लेबल असलेली लोकरच घ्या आणि ते लेबल सोबत पाठवा. वॉफलचा टाका टाळा. दोन-अडीच किलो वजन बॅगेत तिळगूळ आणि भाजणीची जागा खातं. हवा काढून घ्यायच्या पिशवीत घातलं तर आकार लहान होतो, वजन तेवढंच राहतं.

धुवायचं कसं?

गार पाणी, सौम्य साबण, मशीनमध्ये घालणार असाल तर जाळीच्या पिशवीत. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. ओलं ब्लँकेट दोरीवर टांगलं की लांबतं, म्हणून खाटेवर किंवा चटईवर आडवं वाळवा. पावसाळ्यात शक्यतो धुऊच नका, आतून वाळायला दिवस लागतात आणि वास धरतो. खऱ्या लोकरीचं ब्लँकेट ठेवताना कसरीसाठी डांबराच्या गोळ्या कापडात बांधून ठेवा. ॲक्रिलिकला त्यांची गरज नाही.

उरलेल्या लोकरीचं काय करू?

एक गुंडा लेबलासकट बाजूला ठेवा. ब्लँकेट कुठे तरी अडकून टाका तुटतोच, आणि तेव्हा त्या लॉटची लोकर दुकानात नसते. बाकीची द्या कुणाला तरी टोपीसाठी.